तबकडीचा पाठ

ग्रामोफोनची तबकडी आणि तिचा संग्रह करणारा माणूस यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचे दोन साचे ठरून गेले आहेत. पहिला स्मरणरंजनाचा. त्यात पितळी कर्णा असतो, वाड्यातली ओसरी असते, चावी देणारे आजोबा असतात आणि शेवटी 'गेले ते दिवस' असा सुस्कारा असतो. दुसरा साचा अलीकडचा, शहरी आणि थोडा महागडा. त्यात तबकडीचा आवाज 'उबदार' असतो, डिजिटल आवाज 'थंड' असतो, आणि या दोन विशेषणांच्या पलीकडे लेखकाला काही म्हणायचे नसते. दोन्ही प्रकारचे लेखन वाचून माझी अडचण अशी होते, की तबकडीत नेमके काय आहे याचा विचार त्यात कुठेच होत नाही. एकाला तबकडी निमित्त म्हणून हवी असते, दुसऱ्याला दिवाणखान्याची शोभा म्हणून.

तबकडी परत आली आहे, हे मात्र खरे. अमेरिकेत २०२२ साली विनाइल तबकड्या सीडींपेक्षा जास्त संख्येने विकल्या गेल्या. असे १९८७ नंतर प्रथमच घडले. आपल्याकडेही जुन्या एलपींच्या किमती चढल्या आहेत, आणि पुनर्मुद्रित तबकड्या घेणारी तरुण मंडळी दिसतात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु या नव्या तबकड्यांपैकी बऱ्याचशा डिजिटल मूळप्रतीवरूनच काढलेल्या असतात, त्यामुळे 'अस्सल अ‍ॅनालॉग' आवाजाचा जो महिमा गायला जातो तो पुष्कळदा वेष्टनाचा महिमा असतो. ध्वनीच्या गुणवत्तेच्या कसोटीवर हा वाद लढवायला गेलो तर तबकडीची बाजू फार काळ टिकणार नाही. चरचर, खरखर, आतल्या फेऱ्यांकडे जाताना वाढत जाणारी विकृती हे सारे तिच्यात आहे, आणि ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

माझे म्हणणे निराळे आहे. तबकडी हा एक पाठ आहे. 'पाठ' हा शब्द इथे साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक ज्या अर्थाने वापरतात त्याच अर्थाने घ्यावा. तिला आवृत्ती असते, पाठभेद असतात, लेखनिक असतो, पुष्पिका असते, आणि तिच्या समासात पूर्वीच्या वाचकांच्या खुणाही असतात. थिओडोर अडोर्नो याने १९३४ मध्ये ग्रामोफोनच्या तबकडीवर एक छोटा निबंध लिहिला. यांत्रिक संगीताविषयी एकंदरीत साशंक असलेल्या या माणसाला तबकडीत एक गोष्ट विलक्षण वाटली: तिच्यामुळे संगीत लेखनाच्या जवळ येते. स्वरलिपी हे स्वरांविषयीचे लेखन असते. तबकडीवरची वळणदार रेघ ही स्वरानेच काढलेली असते. आपल्या संगीताच्या बाबतीत तर हे निरीक्षण अधिकच लागू पडते, कारण आपल्याकडे स्वरलिपीला ग्रंथाची प्रतिष्ठा कधीच मिळाली नाही. पलुसकर-भातखंड्यांच्या स्वरलेखनातून बंदिशीचा सांगाडा हाती येतो. गायकाने ती कशी भरली, हे तबकडीच सांगते.

१९०२ सालच्या नोव्हेंबरात फ्रेड गायस्बर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या ध्वनिमुद्रकाने कलकत्त्यात गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला. त्या काळच्या अनेक तबकड्यांच्या अखेरीस गायक वा गायिका आपले नाव स्वतः उच्चारतात. गौहर जान यांनी ते इंग्रजीत उच्चारले आणि ते प्रसिद्धच आहे. या घोषणेमागे आत्मगौरव होताच, पण त्याचे व्यावहारिक कारणही सांगितले जाते. मुद्रित मेणाच्या चकत्या तेव्हा जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात, तबकड्या तिथे दाबल्या जात आणि जहाजाने परत येत. तिथल्या कारागिराला हिंदुस्थानी नावे आणि भाषा कळण्याचा प्रश्नच नव्हता. वेष्टन चुकू नये म्हणून नाव तबकडीतच बांधून टाकलेले बरे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाल्यावर ही गरज हळूहळू संपली. मला मात्र या घोषणा ऐकताना पोथीची पुष्पिका आठवते. अभंगाच्या शेवटच्या चरणातली नाममुद्राही आठवते. कर्ता नाहीसा होणार आहे, आपले शब्द अनोळखी हातांत पडणार आहेत, याची जाणीव असलेल्या परंपरांनी नाव रचनेच्या आतच ओवून ठेवण्याची युक्ती काढली. गौहर जान यांना ही युक्ती कुणी शिकवली नसेल, गरजेनेच सुचवली असेल; पण मौखिक परंपरेतला माणूस लेखनाच्या दारात उभा राहतो तेव्हा काय करतो, याचा हा बोलका नमुना आहे.

आता जरा तपशिलात शिरतो, कारण गंमत तिथेच आहे. तबकडीच्या कागदी लेबलावर जे छापलेले असते त्याच्यावर जाणता संग्राहक फारसा विसंबत नाही. तो तबकडी उजेडात तिरपी धरतो आणि लेबल व शेवटची फेरी यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीत कोरलेला क्रमांक वाचतो. या क्रमांकाला मॅट्रिक्स क्रमांक म्हणतात. लेबलावरचा क्रमांक विक्रीसाठी असतो, हा उत्पादनासाठी असतो. त्यावरून ध्वनिमुद्रण कोणत्या दौऱ्यात, कुणाच्या देखरेखीखाली झाले, आणि तेच गाणे दोनदा मुद्रित झाले असल्यास हातातली प्रत कोणत्या खेपेची, हे बऱ्याच वेळा ताडता येते. एकाच लेबल-क्रमांकाखाली दोन निरनिराळी गायने निघाल्याची उदाहरणे जगभरच्या सूचीकारांनी नोंदवली आहेत. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांची कुळे लावणाऱ्या अभ्यासकाचे काम आणि हे काम यांत मला प्रकृतीचा फरक दिसत नाही. मायकेल किनियर याने १८९९ ते १९०८ या काळातल्या भारतीय ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. वरवर पाहता तो नुसता क्रमांकांचा ग्रंथ आहे. पण संपादित ग्रंथसूचीकडे आपण ज्या आदराने पाहतो, त्याच आदराने त्याकडे पाहिले पाहिजे.

गतीचा प्रश्न त्याहून बिकट. आपण सरसकट '७८ फेऱ्यांची रेकॉर्ड' म्हणतो, परंतु आरंभीच्या काळात मिनिटाला ७८ फेरे हा केवळ संकेत होता. प्रत्यक्षात कित्येक तबकड्या सत्तरच्या आसपासपासून ऐंशीपर्यंत वाटेल त्या गतीने कोरल्या गेल्या. समजा, एखादी तबकडी ७२ फेऱ्यांनी कोरलेली आहे आणि आपण ती ७८ने वाजवली. गाणे सुमारे आठ टक्के जलद होईलच, पण सूरही तेवढाच चढेल. पांढरी चारमध्ये गाणारा गायक काळी तीन ओलांडून पांढरी पाचच्या वाटेला लागलेला ऐकू येईल. आवाज पातळ होईल, तान अमानुष चपळ वाटेल, आणि 'जुन्या लोकांच्या गळ्याची काय तयारी होती' असे आपण भारावून म्हणू. त्यातली काही तयारी गळ्याची असेल आणि काही यंत्राच्या स्प्रिंगची. जुन्या गायकांच्या आवाजाविषयी, त्यांच्या पट्टीविषयी आपल्या संगीतसमीक्षेत केलेली किती विधाने चुकीच्या गतीवर उभी असतील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. दक्ष संग्राहक साथीच्या पेटीच्या सुरावरून, त्याच गायकाच्या इतर मुद्रणांशी ताडून, मूळ गतीचा अंदाज बांधतो. तो अंदाजच असतो, पण कारणे देऊन केलेला.

आज हेच गायन फोनवर दोन क्षणांत मिळते. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. मीही रोज तसेच ऐकतो. पण तिथे जे मिळते त्याची अवस्था काय असते? कुणाच्या तरी तबकडीवरून कुणीतरी कॅसेट केली, कॅसेटवरून फाइल झाली, फाइलमधली खरखर एखाद्या प्रणालीने धुऊन काढली आणि त्याबरोबर तंबोऱ्याचा झंकारही धुऊन गेला. क्रमांक नाही, साल नाही, गती कुणी तपासलेली नाही, रागाचे नाव चुकलेले, आणि एखादे वेळी गायकाचेही. साहित्याच्या वर्गात अशी प्रत कुणी आणली, म्हणजे मुखपृष्ठ नाही, प्रकाशक नाही, संपादक नाही, काही पाने सुधारून लिहिलेली, तर आपण ती उद्धृत करू देणार नाही. संगीताच्या बाबतीत मात्र आपण हे बिनतक्रार चालवून घेतो.

तीन मिनिटांच्या मर्यादेबद्दल खूप लिहून झाले आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मजकूर मावे, बारा इंची असल्यास साडेचारपर्यंत. या कोंदणात ख्याल बसवणे म्हणजे त्याची विटंबना, असे जुने जाणकार म्हणत, आणि त्यात तथ्यही आहे. विलंबित विस्तार नावाची गोष्टच तिथे संभवत नाही. तरीही मला वाटते की या मर्यादेने एक नवा रचनाप्रकार घडवला आणि त्याकडे मोठ्या ख्यालाचा कापून काढलेला तुकडा म्हणून पाहणे ही रसिकतेची चूक आहे. सुनीताला आपण महाकाव्याचा तुकडा म्हणत नाही. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३०च्या दशकातल्या तबकड्या ऐकाव्यात. पहिल्या काही क्षणांतच षड्ज असा लागतो की पुढे काय होणार याची घाई ऐकणाऱ्याला उरत नाही, आणि गायकाला तर ती नाहीच. तीन मिनिटांत संथपणा निर्माण करणे ही साधी गोष्ट नव्हे. त्यांची झिंझोटीतली ठुमरी गदगच्या एका दुकानात वाजत असलेली ऐकून भीमसेन जोशी हा मुलगा वेडावला आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घराबाहेर पडला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातली एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: मुलाला घराबाहेर काढणारे ते गाणे अवघ्या तीन मिनिटांचे होते. पुढे एलपी आली. १९४८ साली अमेरिकेत अवतरलेल्या या तबकडीने बाजूला वीस-बावीस मिनिटे दिली, आणि १९६० साली अमीर खाँ यांचा एका बाजूला मारवा व दुसऱ्या बाजूला दरबारी अशी तबकडी निघाली. तिच्या प्रभावाखाली एक पिढी घडली. पण करीम खाँच्या तबकडीची उणीव एलपीने 'भरून काढली' असे मी म्हणणार नाही. ते वेगळे काव्य आहे.

ज्यांची तबकडीच नाही त्यांचा विचार केला की या वस्तूचे मोल खरे कळते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. अल्लादिया खाँ तर १९४६पर्यंत होते. ग्रामोफोनच्या ऐन भरात दोघेही होते, आणि दोघांचाही आवाज आज उपलब्ध नाही. भास्करबुवांच्या गाण्याविषयी आपल्याला गोविंदराव टेंब्यांच्या 'माझा संगीत व्यासंग'सारख्या पुस्तकांतून आणि शिष्यपरंपरेच्या आठवणींतून कळते. टेंब्यांचे गद्य देखणे आहे, कान तर अव्वल होताच. पण त्यांच्याशी असहमत होण्याचा मार्ग आपल्याला बंद आहे. करीम खाँविषयी कुणी काही म्हटले तर आपण तबकडी लावून 'इथे पाहा, असे नाही' असे म्हणू शकतो. भास्करबुवांविषयी नुसती मान डोलवावी लागते. जिथे पाठ नाही तिथे समीक्षा संपते आणि चरित्रकथा सुरू होते.

अल्लादिया खाँच्या शिष्या केसरबाई केरकर यांची गोष्ट याला जोडूनच येते. गोव्यातल्या केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या या गायिकेचा ध्वनिमुद्रणाकडे ओढा नव्हता; आपले गाणे समोर बसून ऐकण्याचे आहे, अशी त्यांची धारणा. आणि त्यांचीच भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. त्याच तबकडीवर निरनिराळ्या भाषांतल्या अभिवादनांत एक मराठीही आहे. पहिले यान ऑगस्टमध्ये सुटले, दुसरे सप्टेंबरच्या आरंभी, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. या योगायोगावर भावुक लेखन पुष्कळ झाले आहे. मला त्यातला तांत्रिक भाग अधिक रोचक वाटतो. अनोळखी बुद्धिमंतांसाठी निवडलेले माध्यम म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला १६⅔ फेरे, सोबत सुई, आणि ती कशी लावायची याच्या आकृती. चुंबकीय फीत तेव्हा उपलब्ध होतीच. तरीही फेरी निवडली गेली, कारण ती नुसत्या सुईने वाचता येते. डिजिटल फाइल वाचायला आधी तिची लिपी ठाऊक असावी लागते, आणि गेल्या तीस वर्षांत आपल्याच कपाटांत किती लिप्या मेल्या ते आपण जाणतो. शंभर वर्षांपूर्वीची तबकडी मात्र आजही कागदाच्या सुरळीला टोचलेल्या टाचणीने कुजबुजते. (हा प्रयोग चांगल्या तबकडीवर करू नये.)

साहित्याच्या वाचकांना हे सारे संगीतवाल्यांचे प्रकरण वाटत असेल तर भावगीताकडे पाहावे. ना. घ. देशपांडे यांचा 'शीळ' हा संग्रह १९५४ साली निघाला. पण त्याच नावाची कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात तीसच्या दशकाच्या आरंभीच्या काळात तबकडीवर आली होती, आणि मराठी भावगीताचा आरंभ पुष्कळ जण तिच्यापासून मोजतात. म्हणजे पुस्तकात पोचण्याआधी सुमारे दोन दशके ती कविता मराठी माणसाने कानांनी वाचलेली होती. आपल्या वाङ्मयेतिहासात या कवितेचे प्रकाशनवर्ष कोणते धरायचे? तीन मिनिटांच्या कोंदणामुळे गाण्यासाठी कवितेची साधारणतः दोन-तीन कडवीच घेतली जात, आणि मग लोकांच्या स्मरणात तेवढीच कविता राहते. कवीही पुढे त्या मापाच्या कविता लिहू लागतात. ध्रुवपद आणि तीन कडवी हा आकृतिबंध आपण रविकिरण मंडळाच्या, जानपद गीतांच्या, स्त्रीगीतांच्या प्रभावातून समजावून देतो, ते चूक नाही. पण लाख आणि खनिज भुकटी यांच्या मिश्रणातून दाबलेल्या दहा इंची चकतीचा त्यातला वाटा कुणी मोजलेला माझ्या पाहण्यात नाही. नाट्यपदांचेही तेच. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत अर्धा-अर्धा तास चालणारे पद तबकडीत आले ते अगदी वेगळे होऊन, आणि ज्या पिढ्यांनी ते नाटक पाहिले नाही त्यांच्यापुरते तेच मूळ पद ठरले. शिवाय त्या काळच्या मराठीचे उच्चार: 'च' आणि 'ज'च्या छटा, अनुस्वारांचे नासिक्य, जोडाक्षरांवरचा आघात. हे कोणत्या व्याकरणात सापडणार?

लाखेवरून आठवले. जगातली बहुतांश लाख तेव्हा भारतातल्या, विशेषतः छोटा नागपूरच्या, जंगलांतून जात असे. आपल्याच झाडांवरच्या किड्यांची लाख परदेशी जाऊन आपल्याच गायिकांचा आवाज घेऊन परत येई. साम्राज्याच्या अर्थकारणाचे इतके नेमके रूपक एखाद्या कादंबरीकाराला सुचले असते तर आपण त्याला कृत्रिम म्हटले असते.

वाल्टर बेन्यामिन याने यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय लोपते असे प्रतिपादन केले, ते आपल्या अभ्यासक्रमांत आहेच. त्याच बेन्यामिनने १९३१ मध्ये स्वतःच्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिलेला निबंध त्याच्या शेजारी ठेवून वाचावा. हजारोंच्या संख्येने निघालेली वस्तू संग्राहकाच्या हाती येते तेव्हा ती पुन्हा एकमेव होते, ही त्या निबंधातली जाण तबकडीला तंतोतंत लागू आहे. लेबलावर शाईने लिहिलेले मालकाचे नाव, कुणा 'चि. सौ. कां.'ला लग्नात दिल्याची नोंद, आणि विशिष्ट ओळीवर पुनःपुन्हा सुई ठेवल्याने पांढुरकी पडलेली फेरी. शेवटची खूण मला फार बोलकी वाटते. पुस्तकाच्या समासातली पेन्सिलची रेघसुद्धा इतकी प्रामाणिक नसते. पोलादी सुई दर बाजूला बदलायची असे. कंजूष घरांत ती बदलली जात नसे आणि फेरी खरवडून निघे. घरमालकाचा स्वभावही तबकडीवर कोरला जातो तो असा.

संग्राहक ही जात संतांची नव्हे. मत्सर, लपवाछपवी, 'माझ्याकडे आहे पण ऐकवणार नाही' ही वृत्ती, दुर्मिळतेला गुणवत्ता समजण्याचा भ्रम हे सारे दोष तिच्यात भरपूर आहेत. एखाद्या सामान्य गाण्याची एकुलती एक प्रत मिळाली म्हणून ते गाणे थोर ठरत नाही. तरीही आज आपल्याकडे जे काही शिल्लक आहे ते बहुतांशी या हट्टी माणसांमुळेच, हे निर्विवाद. कंपन्यांनी आपल्याच मूळ मुद्रा नीट जपल्या नाहीत. चोरबाजारातून आणि रद्दीवाल्यांकडून एकेक नग उचलणाऱ्यांनी त्या जपल्या. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. तिच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाने सूची, चरित्रे, तंत्रविषयक टिपणे यांचे जे काम केले, ते एखाद्या विद्यापीठाच्या विभागाला भूषण ठरावे असे होते. ते विद्यापीठाबाहेर झाले.

आता या संग्राहकांची पिढी वयाच्या उतारावर आहे. माझ्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या संग्रहाचे त्यांच्यामागे काय झाले ते मी पाहिले. एका ग्रंथालयाला विचारले तर 'आमच्याकडे नोंद करायला रकाना नाही' असे उत्तर मिळाले. पुस्तके घेतली गेली, तबकड्या राहिल्या. त्यांतल्या लाखेच्या वजनावर गेल्या, एलपी दुकानदाराने वेचून नेल्या, आणि त्यांनी चाळीस वर्षे ठेवलेली नोंदवही, जिच्यात प्रत्येक तबकडीची गती आणि मॅट्रिक्स क्रमांक होता, ती कुठे गेली ते घरच्यांनाही सांगता येत नाही. तबकड्या निदान दुसरीकडे सापडतील. वही सापडणार नाही.

रकाना काढणे अवघड नाही. मराठी विभागांनी संगीत विभागांची वाट न पाहता सुरुवात करावी, असे मला वाटते. भावगीत आणि नाट्यपद ही आपल्याच अभ्यासक्रमातली प्रकरणे आहेत. संग्राहक हयात असताना त्यांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे घ्यावीत, तबकडीचे अंकीकरण करताना गती आणि क्रमांक फाइलबरोबर लिहावेत, खरखर न काढलेली एक प्रत जपावी. एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय सुचत नाहीत अशी तक्रार दरवर्षी कानावर येते. एका हातात १९५४चा 'शीळ' घ्यावा, वर्गात तबकडी लावावी, आणि कोणती कडवी गाण्यात आली, कोणती राहिली, शब्द कुठे हलला, कवीने पुढे तो कसा ठेवला, हे मुलांना स्वतःच्या कानांनी शोधू द्यावे. यंत्र कुणाकडे तरी मिळेल. फक्त लावण्यापूर्वी गती तपासून घ्यावी.